नाक चोंदलेलं बाळ आणि सक्शनची नळी

दिवाळीच्या आसपास पाथर्डी तालुक्यातली ऊसतोड कुटुंबं कारखान्यांकडे निघतात; तान्ही लेकरंही कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, जातात. तिथं थंडी आणि चुलीचा धूर. नाक चोंदतं, बाळ दूध ओढेना.

अशा वेळी शेंबूड ओढायचा साधा रबरी फुगा कामाचा. आधी मेडिकलमधल्या सलाइनचे दोन थेंब नाकात. फुगा बाहेरच दाबायचा, टोक नाकपुडीच्या तोंडाशी टेकवायचं आणि हलकेच सोडायचा. नाकात घालून दाबला, तर शेंबूड उलटा आत! हे पाजण्याआधी करावं. नंतर केलं तर उलटी होऊ शकते.

सक्शन मशीनचं तसं नाही. गळ्यात श्वासाची नळी बसवलेल्या मुलाच्या आईनं ते दवाखान्यातच शिकून घ्यावं. ओढ तान्ह्याला साधारण ८० ते १०० मिलिमीटर पारा, मोठ्या मुलाला १२० पर्यंत. सक्शनची नळी आत जाताना ओढ बंद, बाहेर येताना सुरू; सगळं १० सेकंदांत. जास्त रेंगाळलं, तर प्राणवायू घटतो, नाडी मंदावते.

कफ सुटावा म्हणून पाठ थोपटण्याची हौस मात्र आवरा. तान्ह्यांच्या साध्या ब्रॉन्किओलायटिसमध्ये (बारीक श्वासनलिकांच्या सुजेत) तिचा फायदा नाही.

बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ओठ निळसर दिसतायत? फुगा बाजूला ठेवा आणि १०८ लावा; गळ्यात नळी असेल, तर ती मात्र सक्शननं साफ करा.