पांढुर्ण्याच्या उन्हात सांदवाडी

पारा ४४ वर, पोरांच्या सुट्ट्या, पाहुण्यांची ये-जा. तरी घरामागच्या सांदवाडीतली अर्ध्या तासाची संध्याकाळ मी कोणाला देत नाही! मोगऱ्याची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत उरकली की नव्या फुटीवर उन्हाळाभर कळ्या. टमाट्याचा नाद सोडा. पारा ३५ पार गेला की फुलंच गळतात. भेंडी, गवार, चवळी मात्र तग धरतात. भेंडीचं बी रात्रभर भिजवून लावा, बुडाशी पालापाचोळा पसरा.

खरी मजा लवकीची, म्हणजे दुधी भोपळ्याची. तिची पांढरी फुलं सांजेला उमलतात, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या! म्हणून परागीकरण आपणच करायचं. ज्या फुलाच्या बुडाशी इवलीशी लवकी असेल ते मादीफूल. नरफूल तोडून त्यावर हलकेच फिरवायचं. हे काम आमच्या घरी पोरांकडे. कोणाची लवकी आधी धरली, यावरून रोज भांडण.