जुन्या नावाची रिकामी पेटी

राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात छापून आली म्हणून काम संपत नाही. बँक, रेशनकार्ड, गुणपत्रिका, सगळीकडे जुनंच नाव असतं! लिनक्समधल्या पॅकेजचं तेच आहे.

डेबियनमधलं 'गिट' घ्या. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली गिट लिहिलं, तेव्हा डेबियनमध्ये त्या नावाचं पॅकेज आधीच होतं : जीएनयू इंटरॅक्टिव्ह टूल्स. मग नव्या पाहुण्याला 'गिट-कोअर' म्हणून राहावं लागलं. पुढे जुन्या मालकाने नाव बदललं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या डेबियन ६ मध्ये टोरवाल्ड्सच्या गिटला एकदाचं स्वतःचं नाव मिळालं.

पण ज्यांच्या मशीनवर गिट-कोअर होतं त्यांचं काय? एपीटी फक्त नावं ओळखतं. 'गिट-कोअरची नवी आवृत्ती आहे का?' एवढंच ते बघणार. नसेल तर जुनं तसंच ठेवणार. अपग्रेड पूर्ण झालं म्हणून आपण खूश, आणि तो प्रोग्राम मात्र जुनाच, सिक्युरिटी अपडेटशिवाय पडून. माझ्या मते हे एरर येण्यापेक्षा वाईट. एरर निदान दिसते तरी. नवं पॅकेज नुसतं वरून टाकायला जावं तर डीपीकेजी अडवतो, की ही फाइल आधीच दुसऱ्या पॅकेजच्या मालकीची आहे.

यावर डेबियनवाल्यांचा उपाय साधा आहे. जुन्या नावाचं एक रिकामं पॅकेज काढायचं. आत प्रोग्राम नाही, फक्त 'मला गिट लागतं' एवढी अट. आवृत्तीचा आकडा मात्र जुन्यापेक्षा मोठा. एपीटी ते घेतं आणि पाठोपाठ खरं गिट येतं. गिटच्या माहितीत 'ब्रेक्स' आणि 'रिप्लेसेस' अशा दोन ओळी असतात : अमुक आवृत्तीआधीचं गिट-कोअर माझ्यासोबत चालणार नाही, आणि त्याच्या फाइली आता माझ्या. यातलं 'अमुक आवृत्तीआधीचं' विसरलं तर गिट त्या रिकाम्या पॅकेजशीच भांडायला लागतं!

अजून एक खोच आहे. तुम्ही स्वतः मागितलं होतं गिट-कोअर. गिट त्याच्यामागून आलं. मग रिकामी पेटी काढून ऑटोरिमूव्ह चालवलं की गिटही झाडलं जाणार? म्हणून अशी पॅकेजेस 'ओल्डलिब्ज' विभागात ठेवतात. तो विभाग दिसला की एपीटी 'वापरणाऱ्याने मागितलेलं' हा शिक्का नव्या नावावर हलवतं.

(आरपीएममध्ये रिकामी पेटी सहसा लागत नाही. नवं पॅकेज 'ऑब्सोलीट्स' म्हणून जुन्याचं नाव सांगतं, की झालं.)

हॉस्टेलवरच्या पीसींसाठी महत्त्वाचं म्हणजे ही रिकामी पॅकेजेस कायम राहत नाहीत, बहुतेक वेळा एखाद्या रिलीजनंतर काढून टाकतात. त्यामुळे डेबियन ११ वरून थेट १३ वर उडी मारू नका, मध्ये १२ घ्या. आणि अपग्रेड झाल्यावर ॲप्टिट्यूडमधला 'ऑब्सोलीट' विभाग उघडून बघा. मागे राहिलेली जुनी नावं तिथेच सापडतात.