मंत्रचळग्रस्त बालरुग्ण, औषधाची रक्तपातळी आणि आपली जबाबदारी

वारंवार हात धुणे, कुलूप पुन्हा पुन्हा तपासणे, मनात नको असलेला विचार सतत येणे, अशा लक्षणांची मुले अलीकडे आपल्या चिकित्सालयात येतात ती बहुधा मनोविकारतज्ज्ञांची औषधे चालू असतानाच. पालकांची अपेक्षा असते ती सोबत एखादे मेध्य औषध मिळावे ही. अशा वेळी चालू औषधाच्या रक्तातील पातळीचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या विकारात मुलांना प्रामुख्याने सरट्रालिन, फ्लुओक्झेटिन, फ्लुवोक्सामिन आणि क्वचित क्लोमिप्रामिन दिले जाते. एकाच मात्रेने सर्व वयांत सारखी पातळी निर्माण होत नाही. फ्लुओक्झेटिन रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्या सहा ते बारा वर्षांच्या मुलांत सरासरी पातळी १७१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, तर तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांत ८६ आढळली. हा फरक मुख्यतः शरीरभारामुळे पडतो. वयानुसार मात्रा ठरवण्याचा काश्यप व शार्ङ्गधर यांचा आग्रह येथे सहज आठवतो.

तथापि सरट्रालिन किंवा फ्लुओक्झेटिनची पातळी आणि लक्षणांतील उतार यांचा थेट मेळ बसत नाही. म्हणून या मुलांचे रक्त नेहमी तपासले जात नाही. क्लोमिप्रामिनची गोष्ट निराळी. त्याची पातळी वाढल्यास हृदयाची लय बिघडू शकते, आकडी येऊ शकते. फ्लुवोक्सामिन सोबत दिल्यास ती वाढते, हेही ज्ञात आहे.

आमच्या मते खरा धोका येथेच आहे. पातळी मोजली जात नसल्याने आपल्या औषधाने ती बदलली, तरी ते कोणाच्या लक्षात येत नाही.

असा बदल ही केवळ कल्पना नव्हे. शंखपुष्पीयुक्त बहुद्रव्यी सिरप काही दिवस दिल्यावर फेनिटॉइनची रक्तपातळी घटते, हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील संशोधकांच्या प्राण्यांवरील अभ्यासात दिसले. आकडीवरील नियंत्रण सुटलेल्या रुग्णांमुळेच हा शोध सुरू झाला होता. याउलट पिप्पली व मरिचातील पायपरीन रोज २० मिलिग्रॅम दिले असता निरोगी व्यक्तींत प्रोप्रानोलॉल व थिओफायलिन यांची पातळी वाढली, असे १९९१ मध्ये नोंदले गेले. क्लोमिप्रामिनचे पचन ज्या यकृतविकरांनी होते, त्यांपैकी एकास पायपरीन रोखते. त्रिकटुयुक्त कल्पांचा योगवाही गुण येथे अपकारक ठरू शकतो.

दुसरी बाब औषध थांबवण्याची. फ्लुओक्झेटिन व त्याचे क्रियाशील रूपांतर बंद केल्यानंतरही कित्येक आठवडे शरीरात राहते. पालकांनी ते परस्पर थांबवले, तरी मूल काही काळ बरे दिसते आणि श्रेय आपल्या काढ्यास मिळते. पुढे व्याधी उलटतो, तेव्हा हानी मुलाची होते.

यासाठी वैद्यबंधूंनी पुढील शिस्त पाळावी. चालू औषधांची नावे व मात्रा केसपेपरवर लिहाव्यात. नवे कल्प एका वेळी एकच द्यावे आणि त्याची लेखी माहिती मनोविकारतज्ज्ञांस कळवावी. क्लोमिप्रामिन चालू असता तीक्ष्ण, पिप्पलीयुक्त योग टाळावेत. चालू औषध बंद करण्याचा सल्ला देऊ नये. तंद्रा, कंप, अतिचंचलता, छातीत धडधड किंवा आत्मघाताचे विचार दिसल्यास त्वरित पाठवणी करावी. औषधविक्रेत्यांनीही स्मृतिवर्धक सिरप देण्यापूर्वी ‘मुलाला दुसरे औषध चालू आहे का?’ एवढे अवश्य विचारावे.

चरकाचार्यांनी अपस्मार चिकित्साध्यायात वर्णिलेल्या अतत्त्वाभिनिवेशाशी अनेक वैद्य या व्याधीची तुलना करतात. तेथे औषधासोबत सुहृदांचा उपदेश, धैर्य, स्मृती व समाधी यांनाही स्थान आहे. २००४ मध्ये अमेरिकेत ११२ मुलांवर झालेल्या अभ्यासातही सरट्रालिनला वर्तनोपचाराची जोड दिल्याने सर्वाधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के, मुलांची लक्षणे नाममात्र उरली. केवळ सरट्रालिनने हे प्रमाण सुमारे २१ टक्के होते. पालकांस धीर देणे, दिनचर्या बसवणे, वर्तनोपचारास प्रवृत्त करणे हे सत्त्वावजयाचे कार्य कोणत्याही औषधाची रक्तपातळी न ढळवता आपणांस करता येते. आरंभ तेथूनच व्हावा, असे आम्हांस वाटते.