तापमानवाढ : हितकर की अहितकर ?

परिसर अभ्यासात हवामानाचा पाठ शिकविताना एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “पहाट आणि दुपार यांतच बारा-पंधरा अंशांचा फरक पडतो, मग पृथ्वी दीड अंशाने तापली तर बिघडले काय?” अशा प्रश्नकर्त्यास दटावू नये. पूर्वपक्ष व उत्तरपक्ष मांडून निर्णय करण्याची आपली जुनी रीत येथे उपयोगी पडते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. दगडी कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढतो. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे 280 भाग होते. आज ते 420 हून अधिक आहेत. हा वायू उष्णता शोषून घेतो, हे टिंडल यांनी 1859 साली प्रयोगाने दाखविले. 1850 ते 1900 या काळाच्या सरासरीपेक्षा 2024 साली पृथ्वी सुमारे दीड अंशाने अधिक उष्ण होती.

पूर्वपक्ष. पृथ्वी पूर्वी याहूनही उष्ण होती व जीवसृष्टी तेव्हाही बहरली होती. कार्बन डायऑक्साइड हे वनस्पतींचे अन्न आहे. तो वाढल्यास पिके जोमाने वाढतील. शिवाय थंड देशांत हिवाळा सौम्य होईल. यांपैकी एकही विधान सर्वस्वी खोटे नाही.

उत्तरपक्ष. पहिला मुद्दा गतीचा. शेवटच्या हिमयुगानंतर पृथ्वी सुमारे पाच अंशांनी तापण्यास हजारो वर्षे लागली. आजची दीड अंशाची वाढ अवघ्या दीड शतकातील असून तीपैकी बहुतेक गेल्या पन्नास वर्षांतील आहे. प्राचीन काळी जीवसृष्टी टिकली हे खरे. परंतु त्या काळी शेते, विहिरी आणि गावे नव्हती.

दुसरा मुद्दा पिकांचा. वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडचा लाभ सोयाबीन, तूर, हरभरा यांस होतो. ज्वारी, मका व ऊस यांस तो फारसा होत नाही, कारण हा वायू पानांत साठवून वापरण्याची सोय त्यांच्यापाशी मुळातच असते. फुलोऱ्यात पाणी तुटले वा ऊन अतिशय झाले, तर फुले गळतात आणि तो लाभही जातो.

तिसरा मुद्दा पावसाचा. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा एकदम कोसळतो. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे आढळले आहे. 2016 साली शेजारच्या लातुरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. उलट, ऑक्टोबर 2020 मध्ये आपल्या जिल्ह्यात काढणीस आलेले सोयाबीन पाण्यात गेले, आणि सप्टेंबर 2025 मध्ये परंडा व भूम तालुक्यांत पुराने हाहाकार केला.

मात्र प्रत्येक आपत्तीचे खापर तापमानवाढीवर फोडू नये. आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने अवर्षण येथे जुनेच आहे. 1972 चा दुष्काळ वृद्धांच्या स्मरणात आहे. तापमानवाढ त्या जुन्या ओझ्यात भर घालते, एवढेच म्हणणे न्याय्य होय.

निर्णय. शरीराभोवतीची हवा कितीही बदलो, शरीराचे तापमान 37 अंशांच्या आसपास राहते. ते दीड अंशाने वाढले की आपण ताप आला म्हणतो. पृथ्वीच्या सरासरीचे तसेच आहे. उष्णता स्वतः शत्रू नव्हे. परंतु हवामानाचा ज्या नियमितपणावर आपण पेरणी करतो, तो मोडणे घातक आहे. थंड देशाचा हिवाळा सौम्य झाल्याने परंड्याच्या विहिरीस पाणी येत नाही. लाभ एकास व हानी दुसऱ्यास, अशी ही वाटणी आहे.

ही हानी शाळेच्या हजेरीपटावरही उमटते. पीक बुडाले की कुटुंब उचल घेऊन ऊसतोडीस जाते आणि मुलाचा अभ्यास मध्येच तुटतो. म्हणून हा विषय शिक्षकांच्या कर्तव्यकक्षेतीलच आहे.

उपक्रम. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा मोकळ्या जागी ठेवून पावसाळ्यात रोज सकाळी साचलेले पाणी पट्टीने मोजावे, नोंदवावे व डबा रिकामा करावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकूण पावसाबरोबर पावसाचे दिवसही मोजावेत. वही दरवर्षी पुढील वर्गाकडे सोपवावी. काही वर्षांच्या नोंदी जमल्या की विद्यार्थी या वादाचा विचार स्वतःच्या आकड्यांनी करू लागतील.