मुलांचे बूट : बोटांना मोकळीक हवी

दिवाळीची सुट्टी संपली की सकाळी गारवा आणि दुपारी ऊन असे दिवस येतात. फेब्रुवारी-मार्चमध्येही तसेच. जाड, बंद बुटात मुलांचे पाय घामाने भिजतात. अशा दिवसांसाठी आपण ‘बेअरफूट’ पद्धतीच्या, म्हणजे अनवाणी चालल्यासारखा पाय हलू देणाऱ्या बुटांचा विचार करायला हवा.

मुलांच्या पायांची हाडे कोवळी असतात. आपल्याच देशात ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पाऊलठशांची पाहणी १९९२ साली प्रसिद्ध झाली. पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट तळव्यांचे प्रमाण ८.६ टक्के, तर न वापरणाऱ्यांत २.८ टक्के आढळले. बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक होते. म्हणून मुलांना अनवाणी फिरवा, असे आम्ही म्हणत नाही. काचा, खिळे आणि ओल्या मातीतील हुकवर्मपासून पाय जपलेच पाहिजेत.

बूट घेताना एवढे पाहा :

• पुढचा भाग रुंद, टाच सपाट, तळ पातळ आणि हाताने सहज वाकणारा असावा.
• संध्याकाळी मुलाला उभे करून दोन्ही पाय मोजा. मोठ्या पायाचे माप धरा.
• अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा पुरे.
• वरचा भाग कापडी, मोजे सुती असावेत.

पैसे वाचावेत म्हणून आपण दोन नंबर मोठे बूट घेतो. त्यात पाय सरकतो, मूल अडखळते. त्यापेक्षा साधे, स्वस्त पण मापाचे कापडी बूट घ्या आणि दर तीन महिन्यांनी माप तपासा. पाय दुखत असेल, मूल लंगडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.