मोबाईल ‘अलाऊ’ विचारतोय? आधी अर्थ समजून घ्या

जळगाव/धुळे : ‘अलाऊ’ म्हणजे करू देणे, परवानगी देणे. ‘परमिट’ त्याचा सख्खा भाऊ. ‘ॲक्सेप्ट’ म्हणजे मान्य करणे, ‘इनेबल’ म्हणजे चालू करणे. नको असेल तर ‘डोन्ट अलाऊ’. रावेरची केळी असो की शिंदखेड्याचा कापूस, ई-पीक पाहणीचं ॲप कॅमेरा आणि लोकेशन मागतं. तिथे ‘अलाऊ’ करावंच लागतं, नाहीतर वावरातला फोटो चढत नाही. पण व्हॉट्सॲपवर पीएम किसान किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली ‘एपीके’ फाईल मेसेज वाचायची परवानगी मागते, तेव्हा ‘अलाऊ’ दाबणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली. ओटीपी परस्पर जातो, खातं रिकामं होतं. न वाचता दाबत जायची सवयच नडते. दिलेली परवानगी सेटिंगमध्ये जाऊन काढता येते. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन लावा.