सुपासारखे कान

दिवाळीच्या सुट्टीनंतर कळमनुरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मुलं तपासायला गेले होते. चौथीतला एक मुलगा टोपी काढायला तयार होईना. पोरं त्याला ‘सूपकान्या’ म्हणत. त्याला शाळेत यायचंच नव्हतं. आजोबांनी हाताला धरून आणलं होतं. त्यांनी विचारलं, “बाई, ह्याला पुढं ऐकू येईल ना? ऑपरेशन करावं लागंल का?”

ऐकण्याशी याचा संबंध नाही. कानाच्या कूर्चेला वरच्या बाजूला एक घडी असते. ती नीट पडली नाही किंवा कानाची मधली वाटी खोल असली, की कान डोक्यापासून दूर उभा राहतो. पुष्कळदा हे घराण्यातच असतं. आजोबांनी पटका सरकवून स्वतःचे कान दाखवले, तेव्हा पोरगं पहिल्यांदा हसलं.

ऑपरेशन सहसा 5-6 वर्षांनंतर करतात. तोवर कान बराचसा वाढलेला असतो. कानामागे छेद घेतात, त्यामुळे व्रण झाकला जातो. लहान मुलांची कूर्चा मऊ असते. तिला न विरघळणारे टाके घालून घडी पाडतात. ही मुस्तार्दे यांची पद्धत. वाटी खोल असेल तर ती मागच्या हाडावरच्या पडद्याला टाक्याने ओढून बांधतात. मोठ्यांची कूर्चा ताठ, म्हणून कधी ती खरवडून किंवा पातळ करून वाकवावी लागते. मोठ्यांना जागेवरच भूल पुरते, लहानांना बहुधा पूर्ण भूल देतात. नंतर काही दिवस पट्टी आणि पुढे काही आठवडे रात्री डोक्याला पट्टा.

पहिल्या एक-दोन दिवसांत एकाच कानात दुखणं वाढत गेलं, तर आत रक्त साचलेलं असू शकतं. पट्टी सुटायची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. घरात कुणाचे व्रण जाड, फुगीर होत असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा.

तान्ह्या बाळाचं मात्र वेगळं. पहिल्या काही आठवड्यांत कूर्चा इतकी लवचीक असते, की डॉक्टरांनी साचा बसवला तर बहुतेकदा ऑपरेशन टळतं. मोठ्या मुलाचे कान चिकटपट्टीने बांधून काही होत नाही, कातडी तेवढी सोलते.

हे ऑपरेशन दिसण्यासाठीचं समजलं जातं, म्हणून सरकारी योजनेत बसतं का ते आधी विचारावं. आजोबांना मी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात दाखवायला सांगितलं. मुलाच्या एका कानातून पू येत होता. ऐकण्याला खरा धोका त्याचा.

ऑपरेशनचं त्यालाच विचारलं. “टाके दुखतात?” थोडे दिवस, म्हटलं.

“मंग उन्हाळ्यात बघू,” म्हणाला आणि टोपी दप्तरात कोंबली.